गिऱ्हाईक एका लोकलवर आहे, तरी शहापूर-मुरबाडचा शेतकरी बाजार उभा करणं सोपं का नाही?

जूनच्या पहिल्या आठवड्यात कल्याण किंवा ठाणे स्टेशनच्या बाहेर जरा खाली बघत चाला. फुटपाथच्या कडेला एखादी बाई शेवळाच्या जुड्या मांडून बसलेली दिसेल. तपकिरी-जांभळट कोंब, आणि शेजारी काकडांचा छोटा वाटा. ज्यांना माहीत आहे ते फारशी घासाघीस न करता घेतात, कारण ही भाजी वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळते. ज्यांना माहीत नाही ते "हे काय असतं?" म्हणून थांबतात, आणि ती सांगते की काकडं घातल्याशिवाय शिजवू नका, घशाला खाज सुटेल.

ही भाजी जंगलातून निघते, पाटीतून येते आणि थेट तुमच्या स्वयंपाकघरात जाते. मध्ये आडत्या नाही, ट्रक नाही, गाळा नाही. शहरात कुणी हेच बॅनर लावून केलं असतं तर आपण त्याला फार्मर्स मार्केट म्हटलं असतं.

ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके या व्यवहारासाठी अगदी मोक्याच्या जागी आहेत. शहापूरच्या पोटातून मध्य रेल्वेची कसारा लाईन जाते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी अशी स्टेशनं आहेत. मुरबाडला रेल्वे नाही, पण कल्याण-माळशेज रस्ता आहे आणि कल्याण तासाभरावर. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाच्या दारात हे शेतकरी बसले आहेत. मग तिथे शेतकऱ्यांचा स्वतःचा बाजार उभा करायचा तर अडतं कुठे?

आधी कायद्याचं बघू, कारण भीती तिथेच असते

"माल बाजार समितीत न नेता बाहेर विकला तर कुणी पकडेल का?" हा प्रश्न अजूनही विचारला जातो. उत्तर आहे, नाही. महाराष्ट्रात २०१६ च्या जुलैमध्ये फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त झाला. बाजार समितीच्या आवाराबाहेर भाजी विकायला समितीचा परवाना लागत नाही, सेस लागत नाही. पुढच्याच महिन्यात, १४ ऑगस्ट २०१६ ला, मुंबईत थेट विधानभवनाच्या आवारात शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरवून सरकारने त्याचा गाजावाजा केला. संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार असं त्या अभियानाचं नाव. पुण्याचं कृषी पणन मंडळ ते चालवतं. शेतकऱ्यांचे गट आणि उत्पादक कंपन्यांना शहरात ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी बसायला मिळावं ही त्यामागची कल्पना.

महाराष्ट्र यात पहिला नव्हता. पंजाबात १९८७ मध्ये 'अपनी मंडी' सुरू झाली. आंध्रात २६ जानेवारी १९९९ ला 'रयतू बाजार' आले. तिथे शेतकऱ्याला ओळखपत्र मिळायचं आणि घाऊकपेक्षा जास्त पण किरकोळपेक्षा कमी असा भाव रोज फळ्यावर लिहिला जायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मदुराईत तमिळनाडूचा पहिला 'उळवर संदै' उघडला. तमिळनाडूने एक गोष्ट फार शहाणपणाने केली. वजनकाटे दिले आणि सरकारी बसमधून शेतकऱ्याचा माल फुकट नेला. या बसच्या मुद्द्याकडे पुढे परत येऊ.

परवान्याचं आणखी थोडं. स्वतःच्या शेतातली भाजी, धान्य, फळं विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षा कायदा लागू होत नाही, तसं त्या कायद्यातच लिहिलं आहे. पण त्याच कैरीचं लोणचं केलं, नाचणीचे पापड लाटले, की तो अन्नव्यवसाय झाला आणि नोंदणी लागते. बचत गटाच्या ताईंनी ती काढून ठेवलेली बरी. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का हवा, आणि इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर तो दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. तागडीत वजन म्हणून दगड टाकणं गुन्हा आहे. जुडी आणि वाट्याने विकायला मात्र काटाच लागत नाही. आदिवासी बायका वाटे लावतात त्यामागे परंपरा असेलच, पण सोयही आहे.

आणि 'सेंद्रिय' हा शब्द. पाटीवर लिहायला सोपा, सिद्ध करायला अवघड. खरंच रासायनिक खत न वापरणारे पाच शेतकरी एकत्र आले तर केंद्र सरकारच्या पीजीएस-इंडिया पद्धतीत गट नोंदवता येतो, ज्यात गटातलेच शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. ते होईपर्यंत "आमच्या शेतातला" एवढं लिहिलेलं पुरतं. गिऱ्हाईकाला तेच हवं असतं.

जागा कुणाची?

खरी अडचण इथून सुरू होते. रेल्वेच्या हद्दीत, म्हणजे प्लॅटफॉर्मवर किंवा पुलावर, परवान्याशिवाय विकणं रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली गुन्हा आहे. स्टेशनबाहेरची जागा नगरपालिकेची. मुंबईत तर २०१७ च्या एल्फिन्स्टन रोड दुर्घटनेनंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येणार नाही हे स्पष्ट केलं. म्हणजे शेवळंवाली जिथे सगळ्यात चांगला धंदा करते, नेमकी तीच जागा सगळ्यात कच्ची आहे. गाडी आली की पाटी उचलून पळायचं. माल जप्त झाला तर दिवसच गेला.

गावाकडच्या आठवडे बाजाराचं गणित वेगळं. तिथे ग्रामपंचायत बाजार फी घेते. बरेचदा वसुलीचा ठेका लिलावाने दिलेला असतो, आणि ठेकेदाराचा माणूस पावती फाडत फिरतो. चादरवाला, भांडीवाला, मसालेवाला, सुकी मासळीवाली आणि दोन पाट्या घेऊन आलेली शेतकरी बाई, सगळे एका रांगेत. पावती देणाऱ्याला शेतकरी आणि व्यापारी यात फरक करायचं कारण नसतं.

तो फरक करता येतो, आणि इथे शहापूरकरांच्या हातात एक गोष्ट आहे जी फारशी कुणी वापरत नाही. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि मुरबाडचा काही भागही. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात गावच्या बाजाराचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला दिलेला आहे. म्हणजे "बाजाराच्या पहिल्या दोन रांगा गावातल्या आणि पाड्यांवरच्या उत्पादकांसाठी, त्यांना फी माफ" असा ठराव ग्रामसभा करू शकते. त्यासाठी मंत्रालयात जायची गरज नाही.

शहरात मात्र दोनच व्यवहार्य रस्ते दिसतात. एक, पणन मंडळ किंवा महापालिकेमार्फत मिळालेलं मैदान. दोन, मोठ्या सोसायटीचं आवार. सोसायटीत कमिटीची लेखी परवानगी पुरते, आणि रविवारी सकाळी गिऱ्हाईक चप्पल घालून खाली येतं. टिटवाळा, बदलापूर, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातली माणसं सकाळी सातला घर सोडतात आणि रात्री आठला परत येतात, त्यामुळे मधल्या वारी बाजार भरवून उपयोग नाही. रविवार तो रविवार.

पैसे खरंच जास्त मिळतात का?

मिळतात. पण लोकांना वाटतात तेवढे नाही. एक हिशोब मांडून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, भाव रोज बदलतात.

समजा मुरबाडच्या एका शेतकऱ्याची भेंडी आहे. एका तोड्याला ४० किलो निघाली. कल्याणला घाऊकमध्ये २५ रुपये किलोने गेली तर १००० रुपये. गाडीभाडं, हमाली वगैरे १५० जाऊन हातात ८५०, आणि माणूस सकाळीच घरी. आता तीच भेंडी रविवारच्या बाजारात ६० रुपयांनी विकायला बसला. ३० किलो विकली, त्याचे १८००. उरलेली १० किलो दुपारी २० रुपयांनी काढली, २०० रुपये. झाले २०००. प्रवास आणि सामानाचे १५०, फी आणि पिशव्यांचे १०० गेले. उरले १७५०. पण एक माणूस अख्खा दिवस बसला, त्याची मजुरी ४०० धरा. राहिले १३५०.

म्हणजे फायदा ५०० रुपयांचा. चांगलाच आहे. फक्त अडचण अशी की भेंडी रविवारची वाट बघत नाही. ती दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. आठवड्यात तीन-चार तोडे, त्यातला एकच रविवारच्या बाजाराला सापडतो. बाकीचे घाऊकलाच जाणार. म्हणून एका पिकाच्या शेतकऱ्याला "आडत्या सोडा, थेट विका" असं सांगणं अर्धवट सल्ला आहे. त्याने आडत्याही ठेवावा आणि बाजारही धरावा. बाजारात बसलेल्या शेतकऱ्याला किरकोळ भाव कळतो आणि पुढच्या वेळी आडत्याची पट्टी हातात आली की तो प्रश्न विचारतो. हा फायदा हिशोबात दिसत नाही, पण मला तो ५०० रुपयांपेक्षा मोठा वाटतो.

आता दुसरी बाजू बघा. दोन किलो वाल, चार जुड्या अळू, पाच-सहा काकड्या, एक टोपली करटोली घेऊन आलेली बाई. तिच्या मालाला घाऊक बाजार नाहीच. दोन किलो वालासाठी कुठला आडत्या पट्टी बनवेल? तिला गावात येणारा फिरता व्यापारी देईल तो भाव, किंवा बाजारात बसून मिळेल तो. भेंडीवाल्यासाठी शेतकरी बाजार ही वरकड कमाई आहे. तिच्यासाठी तोच एकमेव बाजार आहे.

मग शेतकरी कोण?

शेतकरी बाजार मोडतात ते बहुतेक वेळा याच प्रश्नावर. पहिले दोन महिने खरे शेतकरी येतात. मग भातलावणी येते, घरातली सगळी माणसं चिखलात. रविवारी बाजारात चार जागा रिकाम्या राहतात. गिऱ्हाईक तक्रार करतं, "टोमॅटो नाही, कोबी नाही." आयोजकाला वाटतं बाजार बंद पडेल. तेवढ्यात कुणीतरी कल्याणच्या मार्केटमधून माल उचलून आणतो आणि शेतकरी म्हणून बसतो. त्याच्याकडे सगळं असतं, तेही बारा महिने. वर्षभरात बाजार त्याच्यासारख्यांचा होतो आणि बॅनर तेवढं जुनं राहतं.

यावर सरकारी उपाय म्हणजे सातबारा मागणं. ऐकायला बरोबर वाटतं. पण शहापूर-मुरबाडमध्ये तो उलटा पडतो. कातकरी कुटुंबांपैकी अनेकांकडे जमीनच नाही. ठाकूर, महादेव कोळी घरांतही सातबारावर बाईचं नाव सहसा नसतं. शेवळं, लोत, भारंगी, टाकळा, कवळा, करटोली घेऊन येणारी बाई सातबाऱ्याच्या अटीवर बाहेर जाते, आणि ज्याने कधी पाटी उचलली नाही असा तिचा नवरा किंवा गावचा बागायतदार आत येतो. वनहक्क कायद्याने (२००६) जंगलात राहणाऱ्यांना गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला आहे. तेव्हा अट घालायचीच तर ती मालावर घाला: जे इथल्या शेतात किंवा जंगलात आत्ता निघतं तेच विकायचं. गावचा दाखला किंवा बचत गटाचं पत्र ओळखीला पुरे.

ही अट पाळली जाते की नाही हे गिऱ्हाईकही ओळखू शकतं, फक्त हंगाम माहीत हवा. ऑगस्टमध्ये या भागातल्या रानात भात उभा असतो. बांधावर आणि मांडवावर काकडी, दोडका, पडवळ, भोपळा, कारलं. जंगलात रानभाज्या. त्या दिवसांत जर कुणाकडे एका मापाचा फ्लॉवर, शिमला मिरची आणि सफरचंद असं सगळं दिसलं तर तो माणूस वाईट नाही, पण तो व्यापारी आहे. त्याच्यासाठी बाकीचे सगळे बाजार उघडे आहेत.

याला आता एक नवी किनार आहे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. नाशिककडचा भाजीपाला आणखी लवकर आणि आणखी ताजा खाली उतरणार. माळशेजवरून जुन्नर भागाचा माल तर आधीपासूनच मुरबाडमार्गे येतो. टोमॅटो-कोबीच्या भावात त्यांच्याशी टक्कर घेऊन शहापूरचा लहान शेतकरी जिंकणार नाही. त्याच्याकडे असलेलं वेगळेपण म्हणजे वाल, नाचणी, वरई, हातसडीचा तांदूळ, रानभाज्या, करवंदं, जांभळं, चाफा. बाजार त्याभोवतीच बांधायला हवा.

पाटी बाजारापर्यंत जाते कशी

तमिळनाडूची बस आठवते ना? आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत आहे. म्हणजे माणूस स्वस्तात जातो. पाटीचं तसं नाही, ठरलेल्या वजनापलीकडे तिचं भाडं लागतं आणि गर्दीच्या गाडीत कंडक्टरने तिला चढवून घेणं हे त्याच्या मर्जीवर. त्यामुळे मुरबाडच्या आतल्या गावांतून, टोकावडे-धसईकडून, पाच-सहा जणींनी मिळून टेम्पो करणं बरं पडतं. शहापूरकडे लोकलचा मालडबा आहे. तिकीट माणसाचं वेगळं, मालाचं वेगळं, हे आधी स्टेशनवर विचारून घ्या, नाहीतर दिवसाची कमाई दंडात जाते.

पैसे घेण्याचं मात्र सोपं झालंय, आणि त्यात मुरबाडचं नाव इतिहासात आहे. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ ला मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदा आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाची एक संस्था यांनी मिळून दुकानांत कार्डाची मशीन बसवली. मशीन दुकानदाराला ठीक. पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला ते परवडणारं नव्हतं. तिच्यापर्यंत डिजिटल पैसे पोहोचले ते नंतर, छापील क्यूआर कोडच्या कागदावरून. एक सूचना: कोड बाईच्याच खात्याचा असू दे. मुलाच्या फोनवर पैसे गेले की संध्याकाळी हिशोब कुणाचा कुणाला लागत नाही. आणि खाली सुट्टे ठेवाच, माळशेजच्या बाजूला नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही.

लहान बाजारातून मोठी वाट निघते का?

निघालेली आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांचा एक गट सुरुवातीला गुळवेल गोळा करून आसपासच्या बाजारांत विकायचा. पुढे केंद्र सरकारच्या वनधन योजनेत त्यांचं केंद्र झालं, गुळवेल वाळवून, भरडून देता येऊ लागली, आणि कोरोनाच्या काळात आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून त्यांना सुमारे ३५० टनांची मागणी आली. वाळवणं आणि साठवणं जमलं की माल रविवारवर अवलंबून राहत नाही. वाल, नाचणी, वरई यांनाही हे लागू पडतं. भेंडीला नाही.

सुरू करायचं तर कधी?

याचं उत्तर पाण्यात आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या साठवण क्षमतेत जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. भातसा शहापुरात, तानसाही शहापुरात. आणि याच तालुक्यातल्या गाव-पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. नदीकाठची आणि बोअरची थोडी शेतं सोडली तर एप्रिल-मेमध्ये इथे भाजी पिकत नाही. त्यामुळे इथला प्रामाणिक शेतकरी बाजार बारमाही असूच शकत नाही. आयोजकांनी हे पहिल्याच दिवशी मान्य केलं तर वर सांगितलेली कल्याणहून माल आणण्याची वेळ येणार नाही.

भात कापून झालं की, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पहिली फेरी सुरू करावी. नवा तांदूळ असतो, भाजीपाला येऊ लागतो, पुढे वालाच्या शेंगा. पौष पौर्णिमेला मुरबाडची म्हसा यात्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी लांबून लोक येतात, त्या गर्दीत नाचणी-वरईची ओळख करून देता येते. मार्चअखेर ही फेरी थांबवायची. मे महिन्यात करवंदं, जांभळं, आंबे यांचे दोन-तीन रविवार. मग जूनपासून रानभाज्यांची दुसरी फेरी. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे मोफत टेबल मिळण्याची शक्यता असते, चौकशी करावी. या फेरीचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे ऋषिपंचमीच्या आदला. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून त्या दिवशी शहरातल्या घराघरांत नेमक्या याच भाज्या लागतात आणि मिळेल त्या भावाने घेतल्या जातात. सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर आधी भाज्यांची यादी टाकून नोंदणी घेतली तर तोडणी तेवढीच करता येते.

गिऱ्हाईकाला बंद असण्याच्या तारखाही याच ग्रुपवर आधीच कळवा. जागा ठरवताना ताडपत्री, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी शौचालय आहे का हे बघा. पहाटे चारला घर सोडलेली बाई दुपारी दोनपर्यंत बसते, आणि यातलं शेवटचं नसेल तर ती पुढच्या रविवारी येत नाही.